३ जुलै १३५० : गुरू, शिष्य आणि शिष्याची शिष्या

संत नामदेवांनी शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीला पंढरपुरी समाधी घेतली, अशी परंपरा आहे. इंग्रजी तारीख ३ जुलै १३५० मानली जाते. जनाबाईंची समाधीही त्याच दिवशीची सांगतात.

विसोबा खेचर, नामदेव, जनाबाई ही गुरुपरंपरा परभणी-हिंगोली परिसराला घरचीच. संत गोरोबाकाका कुंभारांनी ‘कच्चे मडके’ ठरवल्यावर नामदेव औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय हलवावेत तिकडे पिंड उगवू लागली, अशी कथा आहे. देव एका देवळापुरता नाही, हा तो उपदेश. नामदेव पुढे पंजाबपर्यंत गेले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करी. तिने नामदेवांनाच गुरू मानले, पण तिचे अभंग तिचे स्वतःचे राहिले. गुरूने शिष्येचा आवाज दाबला नाही, हे त्यांच्या अधिकाराचे मोठेपण.

गंगाखेड परभणी जिल्ह्यात आहे. औंढा आणि नामदेवांचे नर्सी १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात आहेत.