कल्हई आणि पोलादी कढई

1956 साली बेळगाव-निपाणीचा पट्टा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला; मराठी घरांतील पितळी भांडी व त्यांची कल्हई मात्र चालूच राहिली. आंबट पदार्थ कळकू नयेत म्हणून दिलेली ही कल्हई कथलाची, आणि कथील 232 अंशांना वितळते. कढई कोरडी तापली की कल्हई गेलीच. मग कल्हईवाल्याची वाट पाहणे आले!

1913 साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियमयुक्त, न गंजणारे पोलाद तयार केले. त्याची भांडी घरोघर आल्यावर ही यातायात संपली. कल्हईवाल्याचा धंदाही बसला. परंतु पोलाद तांब्यासारखी उष्णता पसरवीत नाही. पातळ कढईत मध्यभागी फोडणी करपते, कडेचा कांदा कच्चा राहतो. म्हणून रोजची लहान कढई घेताना लकाकीपेक्षा बुडाचा जाडपणा पाहावा. बुडात ॲल्युमिनियमचा वा तांब्याचा थर असल्यास अधिक चांगले. आहेरात येणाऱ्या कढया बहुधा पातळच निघतात.