साठीनंतर हातात आलेला कॅमेरा

मैत्रिणींनो, गेल्या हिवाळ्यात आम्ही श्रवणबेळगोळला गेलो होतो. पायऱ्या चढताना मी मोबाइलवर फोटो काढत सारखी मागे राहत होते. आमचे हे म्हणाले, "अगं, या वयात कसला हा नाद? पायाकडे बघून चढ." तेव्हा गप्प बसले. घरी आल्यावर मात्र त्यांना इझाबेला बर्डची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते, कारण या बाईने कॅमेरा हातात घेतला तेव्हा तिनेही साठी ओलांडली होती.

इझाबेलाचा जन्म 1831 चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. वडील धर्मगुरू. मुलगी लहानपणापासून आजारी, पाठीच्या कण्याचं दुखणं. ऐन तारुण्यात त्यावर शस्त्रक्रियाही झाली. हवापालट करा, असं डॉक्टरांनी सुचवलं. 1854 मध्ये वडिलांनी हातावर 100 पौंड ठेवले आणि सांगितलं, हे पुरतील तोवर फिरून ये. ती अमेरिकेला गेली. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे हिशेबाकडे माझं लक्ष आधी जातं. त्या 100 पौंडांतून पुढे जे उभं राहिलं, ते कुठल्या खातेवहीत मांडायचं?

गंमत अशी की घरी असली की तिचं अंग दुखायचं, आणि बाहेर पडली की तीच बाई घोड्यावर बसून डोंगर पालथे घालायची. 1873 मध्ये ती अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात ऐन थंडीत घोड्यावरून फिरली. त्या काळी बायकांनी दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायची रीत होती. डोंगरात ती पुरुषांसारखी बसायची.

या प्रवासांत तिच्याजवळ कॅमेरा नव्हता. ती धाकट्या बहिणीला, हेन्रिएटाला, लांबलचक पत्रं लिहायची आणि त्यांतूनच पुढे पुस्तकं व्हायची. हेन्रिएटा स्कॉटलंडमधल्या एका बेटावरच्या गावात राहायची. मला या गोष्टीत ती फार जवळची वाटते. आपण बहुतेक जणी हेन्रिएटाच की! कुणीतरी घरी बसून वाट पाहणारं, पत्र पुन्हा पुन्हा वाचणारं असतं, म्हणून बाहेर गेलेल्याला सांगावंसं वाटतं.

1880 मध्ये हेन्रिएटा विषमज्वराने गेली. पुढच्या वर्षी इझाबेलाने डॉक्टर जॉन बिशप यांच्याशी लग्न केलं. तेही 1886 मध्ये गेले. 1889 मध्ये ती भारतात आली. नवऱ्याच्या स्मरणार्थ श्रीनगरला आणि बहिणीच्या नावाने अमृतसरला दवाखाना उभारायला तिने पैसा दिला. तिथून ती लडाखलाही जाऊन आली. 1892 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने प्रथमच काही स्त्रियांना सदस्य करून घेतलं, त्यांत ती होती. पुढच्याच वर्षी सोसायटीने आणखी स्त्रिया नकोत असं ठरवलं आणि ते दार 1913 पर्यंत बंद राहिलं.

याच सुमारास ती लंडनमध्ये रीतसर फोटोग्राफी शिकली. जानेवारी 1894 मध्ये, वयाच्या 62 व्या वर्षी, कॅमेरा घेऊन ती पूर्वेकडे निघाली. जपान, कोरिया, चीन करत 1897 मध्ये परतली.

1896 मध्ये ती चीनमधल्या यांगत्से नदीतून वर गेली. दोन्हीकडे उभे कडे, मधून खळाळतं पाणी, आणि मजूर काठावरून दोर लावून नाव ओढायचे. रात्री नाव थांबली की हिचं काम सुरू व्हायचं. अंधाऱ्या खोलीसाठी रात्रीचा काळोख वापरायचा. मजुरांच्या अफूच्या दिव्यांचा उजेड फटींतून आत येऊ नये म्हणून कापडं लावायची. नदीचं पाणी इतकं गढूळ की ते गाळून घेतल्याशिवाय निगेटिव्ह धुता येईना. पाणी गाळून घेणं म्हणजे काय कष्ट असतात ते आपल्याला कुणी सांगायला नको! शेवटचं धुणं मात्र नावेच्या काठावरून वाकून नदीतच व्हायचं, आणि मग गाळाचा बारीक थर फोटोवर बसायचा. तरी हे काम तिला इतकं आवडायचं की मन मानेल तसं वागता आलं असतं तर सगळा वेळ यालाच दिला असता, असं तिने लिहून ठेवलंय.

नावेतून उतरल्यावर ती पालखीवजा खुर्चीतून सिचुआन प्रांत ओलांडत गेली. परक्यांवर तिथले लोक चिडलेले होते. ल्यांगशान गावात जमावाने तिच्यावर दगडफेक केली. तिने सराईतल्या खोलीत दार लावून घेतलं. सैनिक आले तेव्हा सुटका झाली. पुढे एका ठिकाणी डोक्यात दगड बसून ती बेशुद्ध पडली. तरी मागे फिरली नाही. तिथून पश्चिमेच्या डोंगरांत गेली. या प्रवासाचं सचित्र पुस्तक 1899 मध्ये निघालं. सत्तरीत ती मोरोक्कोलाही जाऊन आली. 1904 मध्ये एडिंबरोत तिचं निधन झालं.

पत्र लिहायला बहीण उरली नाही, म्हणून तिने कॅमेरा घेतला असेल का? असं तिने कुठे म्हटल्याचं मी वाचलेलं नाही, हा माझाच विचार. माझी थोरली बहीण तीन वर्षांपूर्वी गेली. कुठूनही परत आले की मी तिला फोन लावायची, धर्मशाळेतल्या जेवणापासून सगळं सांगायची. आता प्रवासाहून आले की पिशव्या रिकाम्या होतात, पण मन रिकामं होत नाही.

श्रवणबेळगोळचे फोटो दोन महिने मोबाइलमध्येच पडून होते. ही गोष्ट यांना सांगितली त्या रात्री ते बहिणीच्या मुलीला पाठवले आणि प्रत्येकाखाली चार ओळी लिहिल्या. सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "मावशी, त्या वरच्या पायरीवर तू एवढा वेळ का थांबली होतीस, ते सांग ना."

मग आम्ही तासभर बोललो. चहा उतू गेला. हे काही बोलले नाहीत, त्यांनीच गॅस बंद केला.