चारशे गुलामांचा निवाडा

बी.ए.ला आम्हाला रोमचा इतिहास होता, तो म्हणजे सम्राटांची यादी. ऑगस्टस, टायबेरियस, कॅलिग्युला, क्लॉडियस, नीरो. कोण कधी गादीवर आला आणि कसा मेला, एवढे पाठ केले की पास. त्या यादीखालचा समाज पाहायचा असेल, तर टॅसिटस या इतिहासकाराने नोंदवलेली इ.स. ६१ मधली एक घटना मी पुन्हा पुन्हा वाचतो.

रोम शहराचा मुख्य अधिकारी पेडानियस सेकुंडस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. टॅसिटस दोन शक्यता सांगतो. एक प्रेमप्रकरणातल्या चढाओढीची. दुसरी, स्वातंत्र्याची किंमत ठरवून मालकाने शब्द फिरवल्याची. (पुंजी साठवून गुलाम स्वतःलाच विकत घेऊ शकत असे, बरे का!) जुना रिवाज असा, की मालकाचा असा खून झाला, तर त्या छपराखालचे सगळे गुलाम ठार करायचे. या घरात ते ४०० होते. त्यांत बायका होत्या, लहानथोर होते.

लोक रस्त्यावर आले, सिनेटगृहाला गर्दीने वेढले. आत गायस कॅशियस लाँगिनस हा नामवंत कायदेपंडित बोलायला उठला. पूर्वी गुलाम आपल्याच घरात, शेतावर जन्मत, असे तो म्हणाला. आता घराघरांत परक्या जमाती आहेत, त्यांचे देवधर्म वेगळे, काहींना तर तेही नाहीत. असल्या सरमिसळ जमावाला भीतीच आवरू शकते. निरपराध मरतील, हे त्यालाही मान्य होते. सार्वजनिक हितापुढे तेवढे चालायचेच! हा माणूस मूर्ख असता, तर मला या भाषणाची इतकी धास्ती वाटली नसती.

एकट्याने विरोध करायचे धाडस कुणाला झाले नाही. दयेचे आवाज इकडून तिकडून उठले, तेवढेच. गुलामही माणसेच, असे पुढे पत्रात लिहिणारा सेनेका तेव्हा नीरोचा सल्लागार होता. या प्रसंगात टॅसिटसच्या पानावर तो कुठेच दिसत नाही.

बाहेर लोक दगड आणि पलिते घेऊन उभे होते. नीरोने फर्मान काढून त्यांना दटावले, वाटेवर दुतर्फा सैनिक लावले आणि त्या ४०० जणांना वधासाठी नेण्यात आले.

किंगोनियस व्हॅरो या सदस्याचे तेवढ्यानेही भागले नाही. त्या घरातल्या मुक्त झालेल्या गुलामांनाही इटलीबाहेर काढा, असे त्याने सुचवले. ते मात्र नीरोने नाकारले. पुढे ६५ मध्ये याच नीरोने कॅशियसला सार्डिनियाला हद्दपार केले. एक आरोप असा, की सीझरचा मारेकरी कॅशियस याची प्रतिमा त्याने घरातल्या पूर्वजांच्या प्रतिमांत ठेवली होती.