शाळेने दिलेले गुण की बोर्डाची परीक्षा : जास्त न्याय्य काय?

महाराष्ट्रात २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर घसरला आणि २०२० मध्ये थेट ९५.३० टक्क्यांवर गेला. दोन वर्षांत मुलं एवढी कच्ची आणि लगेच एवढी हुशार झाली का? अर्थातच नाही. बदलली होती ती गुण देण्याची पद्धत.

वीस गुणांचा खेळ

राज्य मंडळात भाषा विषयांची लेखी परीक्षा ८० गुणांची असते. उरलेले २० गुण तोंडी परीक्षेचे, आणि ते शाळाच देते. शाळा हे गुण सढळ हाताने वाटतात, अशी तक्रार जुनी आहे. म्हणून २०१८-१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद झाले. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता. निकाल कोसळला.

पण सीबीएसई आणि आयसीएसईच्या मुलांचे अंतर्गत गुण कायम होते आणि अकरावीच्या प्रवेशाची रांग एकच. राज्य मंडळाचे पालक संतापले आणि काही महिन्यांतच हे २० गुण परत आले. (२०२० मध्ये लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरी गुण मिळाले, त्यामुळे निकालवाढीचं सगळं श्रेय या २० गुणांना देता येत नाही.) तरी ३५ गुणांवर पास होणाऱ्या मुलासाठी २० हा आकडा केवढा मोठा आहे, हे कुठल्याही पालकाला सांगावं लागत नाही.

परीक्षाच झाली नाही तेव्हा

२०२१ मध्ये कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली. १०० पैकी ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनावरून आणि २० तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ यांवरून ठरले. निकाल लागला ९९.९५ टक्के. आदल्या वर्षी २४२ जणांना १०० टक्के मिळाले होते, या वर्षी ९५७ जणांना. नववीचा निकाल लागला तेव्हा त्यावर दहावीचे निम्मे गुण ठरतील, हे ना मुलांना माहीत होतं, ना शिक्षकांना.

या गुणांवर अकरावीचे प्रवेश कसे द्यायचे, यासाठी सरकारने सीईटी जाहीर केली. ती ऐच्छिक होती, पण जागा आधी सीईटी देणाऱ्यांना आणि उरलेल्या इतरांना मिळणार होत्या. प्रश्न राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेले. आयसीएसईची एक विद्यार्थिनी कोर्टात गेली. १० ऑगस्ट २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने ही सीईटी रद्द केली. अशी परीक्षा लादण्याचा कायदेशीर अधिकार सरकारला नाही आणि इतर मंडळांच्या मुलांवर यात अन्याय होतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. म्हणजे पेपर सगळ्यांना एकच दिला, तरी अभ्यासक्रम एक नसेल तर समान संधी मिळतेच असं नाही.

मग शिक्षकांवर भरवसा ठेवायचा का?

वर्गशिक्षिका मुलाला वर्षभर पाहते. ऐन परीक्षेत ताप आलेल्या मुलाला ती न्याय देऊ शकते. तीन तासांचा पेपर देऊ शकत नाही. पण तिला मुलाचं आडनाव माहीत असतं, त्याचे वडील काय करतात हेही माहीत असतं. आपल्याकडे आडनावावरून बरंच काही ओळखलं जातं. तोंडी परीक्षेत मूल समोर उभं असतं. बोर्डाची उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला मात्र नाव दिसत नाही. ज्या मुलाला वर्गात कुणी मोजत नाही, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. अर्थात, केंद्रावर कॉपी चालत असेल तर या निनावीपणाला काही अर्थ उरत नाही.

२०२२ मध्ये लेखी परीक्षा परतली, पण अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी करून आणि मुलांच्या स्वतःच्याच शाळेत केंद्र देऊन. निकाल ९६.९४ टक्के लागला. पुढच्या वर्षी पूर्ण अभ्यासक्रमावर परीक्षा झाली, तेव्हा तो ९३.८३ टक्क्यांवर आला.