कैद्याच्या जेवणाचे पैसे सावकाराने भरायचे!

डोंगरीचा तुरुंग म्हटलं की टिळक-आगरकरांचे १८८२ मधले १०१ दिवस आठवतात. मुंबईतला तो तुरुंग आता बंद आहे. तिथे मुलांचं निरीक्षणगृह आहे. पण त्या काळच्या तुरुंगांत चोर, खुनी आणि राजकीय कैद्यांखेरीज आणखी एक प्रकार असायचा : दिवाणी कैदी. त्याने गुन्हा केलेला नसे, फक्त कर्ज फेडलेलं नसे.

१८५९ च्या दिवाणी कायद्यानुसार सावकार कोर्टाचा हुकूमनामा मिळवून कर्जदाराला जास्तीत जास्त दोन वर्षं डांबू शकत होता. मात्र कैद्याची खुराकी सावकारानेच भरायची. पैसे थांबले की कैदी सुटला. सुटला तरी कर्ज तसंच.

मग बुडत्या पैशांमागे आणखी पैसे कोण घालवेल? मेख इथेच आहे. सावकाराला बहुतेकदा माणूस आत नको होता, त्याला वॉरंट हवं होतं. वॉरंटचा धाक दाखवला की शेतकरी वाढीव रकमेच्या नव्या खतावर अंगठा उठवायचा. १२ मे १८७५ ला सुप्यात लोकांनी सावकारांची खतं जाळली, ती यासाठीच. दंगे पुणे-नगरमध्ये पसरले, सरकारने आयोग नेमला आणि १८७९ च्या कायद्याने पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांत शेतकऱ्याला कर्जापायी अटक करणं बंद झालं.

मी जुन्या जालन्याचा. आमच्याकडे तेव्हा निजामाचं राज्य, त्यामुळे हा कायदा आम्हाला लागू नव्हता. गंमत म्हणजे निजामही कर्जात होता. फौजेच्या थकबाकीपोटी १८५३ मध्ये त्याने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं. राजाच्या कर्जाला तह, रयतेच्या कर्जाला वॉरंट.

दिवाणी कैद आजही कायद्यात आहे, कमाल तीन महिने. पण १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावलं, की ऐपत असून बुडवणारा वेगळा आणि फेडूच न शकणारा वेगळा. नुसत्या गरिबीपायी कुणाला आत टाकता येणार नाही.

माझ्या मित्राला एका लोन अ‍ॅपवरून ‘आज संध्याकाळी अटक’ असा मेसेज आला. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे लगेच कळलं : ठरलेला मजकूर, बदलतं फक्त नाव आणि रक्कम. सुप्याच्या सावकाराला निदान कोर्टाची पायरी चढावी लागायची. तुम्हाला असा मेसेज आला तर एवढंच विचारा : कुठलं कोर्ट, कुठला हुकूमनामा, नोटीस कधी दिली? आणि उत्तर येईपर्यंत जुनं फेडायला नवं कर्ज काढू नका.