आकडा नको, नाव लिहा

पुलगावचे नाव काढले की लोक पहिल्यांदा डेपोबद्दल विचारतात. केंद्रीय दारूगोळा भांडार हे त्याचे कागदावरचे नाव. आपल्यासाठी तो नुसता ‘डेपो’. आपल्या वर्गातल्या अनेकांचे वडील, काका, मामा तिथे कामाला होते. त्यामुळे सैनिकांच्या स्मारकांचा विषय आपल्याला परका नाही. गेली काही वर्षे मी या स्मारकांविषयी मिळेल ते वाचते आहे. त्यातून एक गोष्ट पटली, ती या स्मरणिकेत मांडते.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. पुण्याहून नगरकडे जाताना भीमा नदीकाठी कोरेगावचा जयस्तंभ लागतो. १ जानेवारी १८१८ रोजी ईस्ट इंडिया कंपनीची एक छोटी तुकडी आणि दुसऱ्या बाजीरावाची फौज यांच्यात तिथे लढाई झाली. इंग्रजांनी हा स्तंभ आपल्या विजयाची खूण म्हणून उभारला, पण त्यावर साध्या शिपायांचीही नावे कोरली. कामी आलेल्या ४९ जणांची नावे तिथे आहेत आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. हा प्रत्यय महार समाजातल्या पुरुषांच्या नावाला लागत असे.

ही नावे पुढे किती कामाला आली ते पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत नोकरी केली, त्यालाच लढण्यास अपात्र ठरवले. पेन्शनर सैनिकांनी आणि शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी सरकारकडे अर्ज केले. पूर्वजांची लष्करी कामगिरी हा त्यांचा मोठा आधार होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्तंभाला मानवंदना द्यायला गेले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. दगडावर नुसते ‘४९ शिपाई’ एवढेच कोरले असते, तर ते शिपाई कोण होते हे शंभर वर्षांनी त्या दगडावरून कोणाला सांगता आले असते?

आता पहिले महायुद्ध घ्या. कोरेगावनंतर शंभर वर्षांनी, म्हणजे नोंदी ठेवणे कितीतरी सोपे झालेले असताना, सरकारने हिंदुस्थानातल्या अनेक खेड्यांत पाट्या बसवल्या. मजकूर साधारण एकच: या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नावे नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाची ओळख आजही ४६ या आकड्याने सांगतात, कारण त्या युद्धात गावातले ४६ जवान गेले.

आपली मराठी माणसे मोठ्या संख्येने लढली ती आजच्या इराकमध्ये. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून कुत अल् अमारा या गावात ही फौज वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने तिला शरण जावे लागले. पुढे कितीतरी जण तुर्कांच्या कैदेत मेले. ज्यांना थडगे मिळाले नाही, त्यांच्यासाठी बसरा येथे मोठे स्मारक बांधले गेले. त्यावर चाळीस हजारांहून अधिक जणांची नोंद आहे. ब्रिटिश सैनिक, मग तो साधा शिपाई का असेना, नावाने आहे. हिंदी अधिकारीही नावाने आहेत. हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली आकड्याने मोजलेले आहेत. युद्धस्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून हा भेदभाव झाल्याचे मान्य केले आणि माफी मागितली. तोवर शंभर वर्षे उलटली होती आणि त्या शिपायांची मुलेही हयात नव्हती.

माझ्या कामातली एक साधी गोष्ट इथे लागू पडते. नावांची यादी असली, तर आकडा क्षणात काढता येतो. नुसता आकडा असला, तर कितीही भारी संगणक लावा, नावे निघत नाहीत.

आता आपल्या गावाकडे येऊ. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर डेपोत आग लागली आणि स्फोट झाले. आजूबाजूच्या गावांतले लोक लेकरे घेऊन रात्रीच घराबाहेर पडले. पहिल्या दिवशी १६ जणांच्या मृत्यूची बातमी आली. त्यांत सैन्याचे दोन अधिकारी होते. बाकीच्यांत बहुतेक सारे डेपोच्या अग्निशमन दलाचे कर्मचारी. सगळे गाव आगीपासून दूर पळत होते आणि ही माणसे आगीकडे गेली. त्यानंतर २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव आबाजीजवळच्या मैदानावर जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते.

अग्निशमन दलाचा जवान सैनिकांच्या यादीत बसतो का? रोजंदारीवर गेलेला मजूर बसतो का? नियमाने कदाचित नसतील बसत. पण कोरेगावच्या शिपायालाही पुढे ‘तू लढवय्या नाहीस’ असेच सांगितले गेले होते, आणि तेव्हा दगडावरचे नाव त्याच्या बाजूने उभे राहिले. वर्तमानपत्रात मात्र आपली माणसे ‘१६’ आणि ‘६’ अशीच लोकांच्या लक्षात राहतील.

म्हणून आपल्या माजी विद्यार्थी संघाला माझी एक विनंती आहे. डेपोच्या कामात गेलेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊ या. घरच्यांची संमती असेल तर नाव, गाव, काम आणि शाळेचे वर्ष, एवढे वहीत उतरवून घेऊ या. मुलाखती, भाषणे काही नको. ती वही शाळेच्या ग्रंथालयात राहील. त्या घरांची परवानगी घेतलेली नसल्यामुळे मी या लेखात कोणाचे नाव दिलेले नाही. पुढच्या स्मरणिकेत ती जागा त्यांच्या नावांनी भरलेली असावी. पहिली वही मी आणून देते. सुट्टीत गावी येणाऱ्या दोघातिघांनी बरोबर यावे.