एक अक्षर, दोन स्वनिम

मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते, हा समज च-वर्गापाशी टिकत नाही. ‘चार’ ही संख्या आणि ‘गुरांना चार’ या आज्ञेतील ‘चार’ यांचे लेखन एकच. उच्चार मात्र पहिल्यात तालव्य, दुसऱ्यात दंततालव्य. हा भेद केवळ उच्चारणाचा की भाषेच्या व्यवस्थेचा?

हा प्रश्न स्वनिमाच्या संकल्पनेमुळे नेमकेपणाने मांडता येतो. प्रातिशाख्यांनी वर्णांची स्थाने व प्रयत्न सूक्ष्मपणे वर्णिले होते. अर्थभेदक एकक म्हणून ध्वनीचा विचार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कझान येथे बोदुएँ द कुर्तने आणि क्रुशेव्स्की यांनी पुढे नेला. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या प्राग मंडळाने त्याला सिद्धान्ताचे रूप दिले; त्रुबेत्स्कोय यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या दृष्टीने पाहता च-वर्गाचा इतिहास उलगडतो. प्राकृतातील च-वर्ग मराठीत इ, ए, य यांच्यापूर्वी तालव्य राहिला, अन्यत्र दंततालव्य झाला. परिसराने ठरणारी ही एकाच स्वनिमाची दोन स्वनांतरे होती. ‘माझा–माझी’, ‘घरचा–घरची’ या रूपांत तो नियम आजही जिवंत आहे. पुढे परिसर बदलला. ‘चार’ या संख्येचे जुने रूप ‘च्यारि’. त्यातील यकार लोपला, तालव्यत्व उरले. ‘चंद्र’, ‘जय’ असे तत्सम शब्द तालव्य उच्चारानिशी आले. फार्सीतून आलेल्या ‘जमीन’सारख्या शब्दांत दंततालव्य ‘ज’ रुळला. परिणामी ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य ही जोडी केवळ उच्चारभेदावर उभी राहिली. स्वनांतरे स्वनिम झाली. इ, ए, य यांच्यापूर्वी मात्र हा विरोध एरवी लोप पावतो. त्रुबेत्स्कोय यांच्या विरोधलोपाच्या कल्पनेचे हे मराठी उदाहरण होय.

लिपीने या घडामोडीची नोंद घेतली नाही. म्हणून ‘माझे’ आणि ‘माझं’ यांत केवळ अन्त्य स्वर बदलतो असे डोळ्यांना वाटते. वस्तुतः व्यंजनही बदलते. कवितेतील यमक किंवा संवादातील बोलीरूप यांचा विचार करणाऱ्या समीक्षेने अक्षरावर विसंबून चालणार नाही. डोळ्यांना जुळलेले यमक कानाला जुळेलच असे नाही.